एसटी ताफा, नरडाणा परिसर : वय, देखभाल आणि भरवसा

नरडाणा (ता. शिंदखेडा, जि. धुळे) आणि आसपासच्या गावांना महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या, म्हणजे एसटीच्या, धुळे विभागाच्या गाड्या सेवा देतात. या गाड्यांचे वाढलेले वय, त्यांची देखभाल आणि त्यावर ठरणारा वक्तशीरपणा हा या नोंदीचा विषय आहे. नरडाण्याला स्वतःचे आगार नाही. येथे थांबणारी गाडी शिंदखेडा, शिरपूर, धुळे किंवा आणखी लांबच्या आगारातून निघालेली असते. त्यामुळे सकाळची गाडी वेळेवर येणार की नाही, हे आदल्या रात्री दुसऱ्याच गावच्या आगारात ठरते.

स्थान आणि गरज

धुळे आणि शिरपूर यांच्या दरम्यान, जुन्या मुंबई–आग्रा महामार्गावर नरडाणा वसले आहे. महामार्गाच्या या टप्प्याचा आजचा राष्ट्रीय क्रमांक ५२ आहे. सुरत–भुसावळ लोहमार्गावर गावाचे स्थानक असून जवळच औद्योगिक वसाहत आहे. रेल्वेने पूर्वेला अमळनेर–जळगाव आणि पश्चिमेला दोंडाईचा–नंदुरबार गाठता येते. उत्तर–दक्षिण दिशेला मात्र रूळ नाहीत. जिल्ह्याचे ठिकाण असलेले धुळे चाळीसगावच्या फाट्याने रेल्वेशी जोडलेले आहे, तर शिरपूरला रेल्वेच नाही. बोरविहीर–नरडाणा हा लोहमार्ग मनमाड–इंदूर प्रकल्पाचा भाग आहे. या संपूर्ण प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तो मार्ग सुरू होईपर्यंत धुळ्याचे न्यायालय, जिल्हा रुग्णालय आणि महाविद्यालये किंवा शिरपूरची बाजारपेठ गाठायला एसटी, खासगी वाहन किंवा काळीपिवळी एवढेच पर्याय राहतात. पासधारक विद्यार्थ्याच्या हाती तर एसटीच असते.

पार्श्वभूमी

मुंबई राज्याच्या सरकारी प्रवासी वाहतुकीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. खानदेश तेव्हा मुंबई राज्यात असल्याने सरकारी गाड्यांचे जाळे इथेही लवकर पसरले. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने या व्यवस्थेला महामंडळाचे रूप मिळाले आणि महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर तिचे आजचे नाव रूढ झाले. धुळे विभागात धुळे आणि नंदुरबार या दोन जिल्ह्यांतील नऊ आगारे येतात : धुळे, शिरपूर, शिंदखेडा, दोंडाईचा, साक्री, नंदुरबार, शहादा, नवापूर आणि अक्कलकुवा. शेजारच्या जळगाव विभागाच्या गाड्याही या पट्ट्यात ये-जा करतात.

ताफ्याचे वय

एसटीत गाडीचे वय वर्षांत आणि किलोमीटरमध्ये असे दोन्ही प्रकारे मोजतात. रोज तीनशे किलोमीटर धावणारी गाडी वर्षाला लाखभर किलोमीटर कापते, म्हणजे दहा वर्षांत तिच्या अंगावर दहा लाख किलोमीटर चढतात. साधारण या टप्प्यावर गाडी भंगारात काढून तिच्या जागी नवी आणायची, हे चक्र सुरळीत असले की ताफ्याचे सरासरी वय आटोक्यात राहते.

२०२० नंतर हे चक्र अडखळले. आधी टाळेबंदी आली. पाठोपाठ ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत कर्मचाऱ्यांचा संप चालला. या काळात गाड्या महिनोन्‌महिने आगारांत उभ्या होत्या. उभी गाडी झिजत नाही, हा समज खरा नाही. बॅटऱ्या उतरतात, रबरी होज आणि सील कडक होऊन तडकतात, टायर एकाच जागी दबतात, ब्रेकच्या ड्रमला गंज चढतो. उत्पन्न बुडाल्याने नवी खरेदीही लांबली. करोनापूर्वी १८ हजारांच्या वर असलेला राज्याचा ताफा २०२४ च्या सुमारास १५ हजारांच्या आसपास आला.

दुसरीकडे प्रवासी वाढले. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे लागू झाले. गाड्या कमी आणि गर्दी जास्त, अशी स्थिती झाली. राखीव गाड्यांचा साठा आटला, की देखभालीसाठी गाडी अडवून ठेवणे आगाराला परवडत नाही. देखभाल पुढे ढकललेली गाडी मग रस्त्यात बंद पडते आणि राखीव गाडीची गरज आणखी वाढते. जुन्या ताफ्याची खरी अडचण या फेऱ्यात आहे. वय हे तिचे एक कारण आहे, एकमेव नाही.

देखभालीची रचना

एसटीची देखभाल तीन पातळ्यांवर चालते. पहिली पातळी आगार. मुक्कामाला आलेल्या गाडीचा चालक लॉगशीटवर दोष लिहितो : ब्रेक कमी, सेल्फ घेत नाही, डाव्या बाजूला ओढते. रात्रपाळीचा कारागीर ती नोंद पाहून गाडी पिटवर घेतो. तेल, पाणी, हवा, बेल्ट, पाटे, दिवे तपासून दोष काढल्याची सही होते आणि मगच सकाळी गाडी मार्गावर जाते. याखेरीज ठरावीक दिवसांनी आणि किलोमीटरनंतर मोठी तपासणी असते. तिच्यात चाके उतरवून लायनर, ड्रम आणि बेअरिंग पाहतात.

दुसरी पातळी विभागीय कार्यशाळा. धुळे विभागाची कार्यशाळा धुळ्यात आहे. इंजिन व गिअरबॉक्सची मोठी दुरुस्ती आणि आरटीओ पासिंगपूर्वीची तयारी इथे होते. मोटार वाहन नियमांनुसार प्रवासी गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण लागते. ताफा म्हातारा झाला की पासिंगला येणाऱ्या गाड्यांची संख्या वाढते आणि कार्यशाळेवरचा भारही वाढतो.

तिसरी पातळी मध्यवर्ती कार्यशाळा. दापोडी (पुणे), चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) आणि हिंगणा (नागपूर) अशा तीन कार्यशाळा असून धुळ्याला चिकलठाणा सर्वांत जवळ आहे. येथे चॅसीवर सांगाडा बांधतात. पूर्वी सांगाडा ॲल्युमिनियमचा असे. तो हलका होता आणि गंजत नव्हता. पण खड्ड्यांच्या धक्क्यांनी रिवेट ढिले पडून पत्रे खडखडत, छत गळे आणि अपघातात पत्रा चिरत जाई. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात महामंडळ पोलादी सांगाड्याकडे वळले. चांगल्या स्थितीतील जुन्या चॅसीवर नवा पोलादी सांगाडा चढवून गाडीचे आयुष्य वाढवण्याचा मार्गही वापरला गेला. अशी गाडी बाहेरून कोरी दिसते. पण तिचे इंजिन, आस आणि पाटे जुनेच असतात, हे रंगावरून कळत नाही.

टायरची झीज भरून काढण्यासाठी महामंडळाची स्वतःची पुनःस्तरण केंद्रे आहेत. पुन्हा रबर चढवलेले टायर मागच्या जोडचाकांना लावतात. पुढची चाके सुकाणूची असल्याने तिथे नवा टायर लागतो.

खानदेशातील झीज

एकाच वयाच्या दोन गाड्या सारख्याच थकलेल्या असतील असे नाही. मार्ग कोणता, यावर बरेच अवलंबून असते. नरडाण्यावरून जाणारी महामार्गाची गाडी चौपदरी रस्त्यावर एका लयीत धावते. तिला इंजिन तापणे आणि टायर फुटणे यांचा धोका अधिक. एप्रिल–मे महिन्यांत तापीच्या खोऱ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि कचरा बसलेला असला, की भरलेली गाडी चढावर तापते.

फाट्यावरून आत वळणाऱ्या खेड्यांच्या फेऱ्यांत झीज वेगळी असते. काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता पावसाळ्यात खचतो. अशा रस्त्यावर मेन पाटा तुटणे, शॉकॲब्सॉर्बर निकामी होणे, दरवाजा आणि खिडक्या ढिल्या पडणे हे नित्याचे. दर किलोमीटरला थांबा असल्याने क्लचप्लेट आणि ब्रेकचे लायनर लवकर संपतात. अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणारा देवगोई घाट किंवा शहाद्याहून तोरणमाळचा चढ करणाऱ्या गाड्यांची कसोटी याहून कठीण.

ब्रेकचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. एसटीच्या गाडीचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो आणि पायाखालचे पेडल दाबताच ती हवा चाकांपर्यंत जाते. कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या किंवा एखादा पाइप गळू लागला, की चालकाच्या भाषेत ‘हवा बनत नाही’. सकाळी गाडी सुरू करून काटा वर येईपर्यंत चालक थांबतो तो यासाठी. हवेतील बाष्पाचे पाणी टाकीत साठते. ते रोज काढले नाही तर झडपा गंजतात. काम दोन मिनिटांचे असते, सुटा भागही लागत नाही. पण कारागीर अपुरे असले की नेमकी अशी कामे राहून जातात.

जुनी आणि नवी गाडी

नवी गाडी म्हणजे कमी बिघाड, हे समीकरण पूर्ण खरे नाही. धुराच्या प्रदूषणाच्या जुन्या मानकाच्या, म्हणजे भारत स्टेज ३ गाडीचा डिझेल पंप यांत्रिक असतो. डिझेलने हवा धरली तर अनुभवी चालकही रस्त्याच्या कडेला ती काढून गाडी सुरू करू शकतो. एप्रिल २०१७ नंतरच्या भारत स्टेज ४ आणि एप्रिल २०२० नंतरच्या भारत स्टेज ६ गाड्यांत इंधनाचा पुरवठा इलेक्ट्रॉनिक यंत्रणा ठरवते. एखादा सेन्सर बिघडला, की इंजिनाची ताकद आपोआप कमी होते. स्टेज ६ च्या अनेक गाड्यांत धूर शुद्ध करणारे युरियाचे द्रावण संपले तरीही तसेच होते. दोष शोधायला स्कॅनर आणि तो वाचता येणारा कारागीर लागतो. जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळणे अवघड होत जाते, तर नव्या गाड्यांना लागणारे कौशल्य आगारात नव्याने घडवावे लागते. आयटीआयमधून येणारे शिकाऊ उमेदवार हा या कौशल्याचा एक स्रोत आहे.

मार्गावरील बिघाड

महामार्गावर गाडी बंद पडली, की वाहक जवळच्या आगाराला किंवा स्थानकाला कळवतो. किरकोळ दोष असेल तर कारागीर सुटे भाग घेऊन येतो. मोठा असेल तर ब्रेकडाऊन व्हॅन गाडी ओढून नेते. प्रवाशांना त्याच तिकिटावर मागून येणाऱ्या गाडीत बसवून देणे हे वाहकाचे काम असते. मागची गाडी भरलेली असली, तर वृद्ध आणि लेकुरवाळ्या प्रवाशांना आधी चढवतात आणि बाकीचे रस्त्यावर थांबतात. महामार्गावर असा खोळंबा तासाभरात मिटतो. आतल्या गावच्या फेरीला मागून गाडीच नसते. तिथे बिघाड म्हणजे फेरी रद्द. मुक्कामी गाडी आली नाही, तर दुसऱ्या दिवशीची पहिली फेरीही बुडते आणि तिच्याबरोबर शाळेचा पहिला तास जातो.

महामंडळ भरवशाचे मोजमाप दर दहा हजार किलोमीटरमागील बिघाडांवरून करते. हा आकडा उपयुक्त असला तरी त्यात महामार्गावरचा बिघाड आणि दिवसातून दोनच फेऱ्या असलेल्या गावचा बिघाड सारखेच मोजले जातात. रद्द झालेल्या फेऱ्यांची गावनिहाय नोंद सोबत ठेवली, तरच प्रवाशाला सोसावा लागणारा तोटा समजतो.

सुरक्षितता आणि सार्वजनिक चर्चा

१८ जुलै २०२२ रोजी इंदूर–अमळनेर ही एसटीची गाडी मध्य प्रदेशात खलघाट येथे पुलावरून नर्मदेत कोसळून किमान बारा जणांचा मृत्यू झाला. गाडीची नोंदणी २०१२ ची होती आणि तिचे योग्यता प्रमाणपत्र त्या दिवशी वैध होते. या दुर्घटनेने खानदेशात गाड्यांच्या स्थितीची चर्चा पेटली. जुलै २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात छताचा पत्रा उचकटलेल्या अवस्थेत धावणाऱ्या गाडीची चित्रफीत राज्यभर पसरली. दोन्ही घटनांचे स्वरूप वेगळे आहे आणि केवळ वयावरून अपघाताचे कारण ठरवता येत नाही. प्रमाणपत्र गाडीची एका दिवसाची स्थिती सांगते. उरलेल्या दिवसांची जबाबदारी आगारातील रोजच्या तपासणीवर असते.

नूतनीकरण

केंद्र सरकारच्या नियमानुसार १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले. जुलै २०२४ मध्ये अशोक लेलँडला २,१०४ गाड्यांची मागणी मिळाली. तिचे मूल्य सुमारे ९८१ कोटी रुपये होते. या गाड्या कारखान्यातून पूर्ण बांधूनच येतात. विजेवरच्या ५,१५० गाड्या भाड्याने घेण्याचा करारही झाला, पण त्यांचा पुरवठा रेंगाळला. २५ जानेवारी २०२५ पासून भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले. जून २०२५ मधील श्वेतपत्रिकेनुसार महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटी रुपयांच्या वर आहे.

नव्या गाड्या आल्या की त्या प्रथम लांब पल्ल्याच्या आणि अधिक उत्पन्नाच्या मार्गांवर जातात. तेथून मोकळ्या झालेल्या गाड्या तालुक्याच्या फेऱ्यांवर येतात. त्यामुळे नरडाण्याच्या महामार्गावरील थांब्याला नूतनीकरणाचा लाभ लवकर मिळतो आणि तेथून आत जाणाऱ्या फाट्यांना उशिरा. जुन्या गाड्यांवरच चालणाऱ्या या फेऱ्यांचा भरवसा मुख्यतः तीन गोष्टींनी वाढतो : आगारात पुरेसे कारागीर, साठ्यात सुटे भाग आणि तपासणीसाठी अडवून ठेवता येतील एवढ्या राखीव गाड्या.