शहाबादी फरशीतला मातीचा चौकोन

हैदराबादेत गौळीगुड्यातल्या एका जुन्या मराठी घराची मोजमापं घेताना आम्ही स्वयंपाकघरात थबकलो. सगळी जमीन शहाबादी फरशीची, पण भिंतीलगत धुराड्याखाली साधारण चार फूट बाय अडीच फुटांचा तुकडा मातीचा. चूल केव्हाच गेली, चौकोन राहिला. मंडळातल्या एकांचं मत पडलं की फरशा कोणीतरी काढून विकल्या. दुसरे म्हणाले, अग्नीचा भूमीशी संबंध तुटू नये म्हणून. मी मनात म्हटलं, बांधताना पैसे संपले असतील.

माझा तर्क चुकला. चौकोनाच्या कडेच्या फरशा वाकून पाहिल्या तर त्या मापाने कापलेल्या, कड टाकीने सरळ केलेली. फरशी उखडली नव्हती आणि कमीही पडली नव्हती. गवंड्याने जागा मुद्दाम राखली होती. भूमीच्या संबंधाचा मुद्दा मी खोडत नाही. पण त्याच्या जोडीला दगडाचंही म्हणणं ऐकायला हवं.

शहाबाद आणि तांडूरचा दगड म्हणजे भीमा खोऱ्यातला थरांचा चुनखडक. खाणीतूनच चपटा निघतो, घडाई कमी. १८७४ मध्ये वाडी–सिकंदराबाद रेल्वे सुरू झाली. तांडूर याच मार्गावर. त्यामुळे ही फरशी शहरात आणणं सोपं झालं आणि सारवलेल्या जमिनी हळूहळू तिच्याखाली गेल्या.

विस्तवाखाली मात्र ही फरशी टिकत नाही. चुनखडकातलं कॅल्साइट तापलं की एका दिशेने फुगतं, आडव्या दिशेने किंचित आकसतं. कण एकमेकांपासून सुटतात. थरांत ओल असेल तर तिची वाफ होऊन पापुद्रा उडतो. आठ-नऊशे अंशांपर्यंत दगड तापला तर त्याचा चुनाच होतो, म्हणजे चुनाभट्टीत होतं तेच. घरच्या चुलीखाली इतकी उष्णता सहसा पोचत नाही, पण तडकायला त्याच्या निम्मीही पुरते.

हे मी पुस्तकाआधी परसात शिकलो. घरच्या कार्याला पाणी तापवायचं म्हणून फरशीवरच विटा मांडून जाळ केला. अर्ध्या तासात फाट्‌कन आवाज, आणि दगडाची चकती धोतराजवळून गेली. घाबरून कोणीतरी वर पाणी ओतलं, तशी फरशी आरपार चिरली. काकू ओरडल्या, "अरे इंजिनिअर ना तू? खाली माती नको का घालायला, वीतभर तरी!"

मग ग्रॅनाइट का नाही? हैदराबाद तर त्यावरच बसलंय. पण त्यात गारगोटीचे कण असतात, आणि ५७३ अंशांना ते एकदम फुगतात. त्याच्या आतही वेगवेगळी खनिजं वेगवेगळी फुगून दगड सुटायला लागतो. दक्षिणेतल्या खाणींत लाकडाचा जाळ पसरून ग्रॅनाइटचे पापुद्रे उचलायची रीत होती, ती याच गुणावर. म्हणजे गावात मुबलक असलेले दोन्ही दगड चुलीखाली कुचकामी. मराठवाड्यातून आलेल्या कुटुंबांना काळा बेसाल्ट माहीत होता. तो बारीक कणांचा, त्यात गारगोटी जवळजवळ नाही, आच बरी सोसतो. तो इथे हाताशी नव्हता.

राहिली माती. मुरमावर मातीचा थर, त्यात भुसा किंवा काडी कालवलेली. वरचा भुसा जळून जातो आणि बारीक पोकळ्या उरतात. उष्णता खाली जायला वेळ लागतो. वर राखेची गादी असतेच. मातीलाही भेगा पडतात, पण रोजच्या पोतेऱ्यात त्या बुजतात. दगडाला अशी रोजची दुरुस्ती नाही. स्वयंपाकघरातली ही देखभाल बायकांच्या हातची, म्हणून कुठल्या बांधकामाच्या हिशेबात ती सापडत नाही, आणि आपणही ती शोधत नाही.

घाई एवढ्यासाठी की घरमालक स्वयंपाकघर नीटनेटकं करताहेत. चौकोनात चकचकीत ग्रॅनाइट बसवायचं ठरलं होतं. शेजारच्या दोन घरांत तसं झालंय; तिथे चूल कुठे होती हे आता सांगता येत नाही. मी त्यांना कापलेल्या कडा दाखवल्या. ते थोडे नाराज झाले, मग म्हणाले, दिवाळीपर्यंत थांबतो.

परवा जाऊन चौकोनाचा एक कोपरा सुरीने उभा कापला. पातळ थरावर थर, मधे काळपट रेघा. नखाने मोजत एकतीसपर्यंत गेलो, खाली अजून होते.