सवाल, जवाब आणि दोन नगरें

कलगी-तुऱ्याचे फड महाराष्ट्राला नवे नाहींत. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानीत, तुरेवाले शिवाला. मात्र सवाल कवनांत घातला, तर जवाबहि कवनांतच द्यावयाचा, हा उभयपक्षीं दंडक असे.

गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत 'हिपहॉप' गायकांत असाच वाद माजला. एका बाजूस न्यूयॉर्कचा पूर्व किनारा, दुसऱ्या बाजूस लॉस एंजेलिसचा पश्चिम किनारा. तेथें हा दंडक टिकला नाहीं. वाद ऐन भरांत असतां सप्टेंबर १९९६ मध्यें पश्चिमेचा तुपाक शकूर आणि मार्च १९९७ मध्यें पूर्वेचा नोटोरियस बी. आय. जी. गोळ्यांना बळी पडले. एक पंचवीस वर्षांचा, दुसरा चोवीस.

तेंच गाणें पुढें मुंबईंत, वडाळ्याहून फार दूर नसलेल्या धारावींत, कुर्ल्यांत, अंधेरींत रुजलें. २०१५ सालीं डिव्हाइन व नेझी यांचें 'मेरे गली में' गाजलें. २०१९ च्या 'गली बॉय' चित्रपटानें तें घरोघर पोंचविलें. मध्यंतरीं २०१८ सालीं मुंबईचा एमीवे बंटाय आणि दिल्लीच्या मंडळींतून पुढें आलेला रफ्तार यांचें बिनसलें. एमीवेनें गीतांतून टोला हाणला. रफ्तारनें गीतानेंच उत्तर केलें. शब्द कठोर होते, परंतु निवाडा ऐकणाऱ्यांकडेच राहिला.

स्पर्धा मनुष्यस्वभावांतून जाणार नाहीं. परंतु ज्या फडांत प्रतिपक्षाच्या जवाबाची वाट पाहिली जाते, तेथें त्याच्या जिवाचेंहि मोल राहतें.