सवलतीचे तिकीट : हक्क कोणाचा, भार कोणावर?

प्रवासभाड्यातील सवलत वय, शिक्षण, आजार, अपंगत्व अशा विशिष्ट कारणांसाठी दिली जाते. ते कारण नसताना ती घेणे अनेकांना चतुराई वाटते. सहा वर्षांच्या मुलाला ‘विचारले तर साडेचार सांग’ असे बजावणारे पालक स्वतःला अप्रामाणिक समजत नाहीत. नैतिकतेचा प्रश्न नेमका येथेच सुरू होतो.

एस.टी. आणि रेल्वेत पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. पाच ते बारा या वयोगटासाठी अर्धे तिकीट असते. आरक्षित डब्यात मुलासाठी स्वतंत्र बर्थ हवा असल्यास एप्रिल २०१६ पासून रेल्वे पूर्ण भाडे घेते. एस.टी.त ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास, तर मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास मिळू लागला. त्यामुळे वय वाढवून सांगण्याचा मोह मुख्यतः दोन उंबरठ्यांवर होतो : पुरुषांना पासष्टीच्या आणि सर्वांनाच पंचाहत्तरीच्या.

‘महामंडळाचे असे काय बिघडणार?’ हा नेहमीचा युक्तिवाद. वस्तुतः एस.टी.च्या सवलतींची प्रतिपूर्ती राज्य शासन करते. म्हणजे खोट्या वयाचे तिकीट करदात्याच्या खिशातून जाते. रेल्वेच्या सवलतीचा भार मात्र रेल्वेच सोसते.

रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मुख्यतः विश्वासावर चालत असे. साठ वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के सूट होती. आरक्षणाच्या वेळी प्रवाशाने लिहिलेले वय ग्राह्य धरले जाई. पुरावा प्रवासात तपासनिसाने मागितल्यास दाखवावा लागे. ज्यांना गरज नाही त्यांना ही सवलत स्वेच्छेने सोडण्याची सोयही होती. करोनाच्या काळात, २० मार्च २०२० पासून, ती स्थगित झाली. दिव्यांग, काही रुग्ण व विद्यार्थी यांच्या सवलती मात्र पुढेही चालू राहिल्या.

खोट्या दाव्याची खरी झळ पात्र प्रवाशाला बसते. फसवणूक वाढली की कागदपत्रांची मागणी वाढते. गर्दीच्या गाडीत वाहकाला प्रत्येक पांढऱ्या केसांकडे संशयाने पाहावे लागते आणि ओळखपत्र घरी विसरलेल्या खऱ्या ज्येष्ठाला पूर्ण भाडे मोजावे लागते.

प्रत्येक चुकीचे वय म्हणजे लबाडी, असेही नाही. जन्माची नोंद नसल्याने शाळेत गुरुजींनी ‘१ जून’ लिहून दिलेली जुनी पिढी महाराष्ट्रात मोठी आहे. कागदावरचे तेच वय सांगणारा वृद्ध खोटे बोलत नाही. ठाऊक असलेले वय लाभासाठी बदलणे किंवा त्यासाठी ओळखपत्रात फेरफार करणे ही गोष्ट वेगळी. रेल्वे कायदा, १९८९ मध्ये फसवणुकीच्या हेतूने केलेल्या प्रवासास शिक्षा आहे. बनावट दस्तऐवज वापरणे हा तर स्वतंत्र फौजदारी गुन्हा ठरतो.

चूक लक्षात आल्यास तपासणीची वाट न पाहता वाहकाला किंवा तपासनिसाला सांगून फरकाची रक्कम भरणे हाच सरळ मार्ग. अर्ध्या तिकिटात वाचलेले पैसे प्रवास संपताच विसरले जातात. स्वतःचे वय खोटे सांगायला शिकलेले मूल मात्र तो धडा सहसा विसरत नाही.