मांजर खाजवते तेव्हा : प्रस्तावना

कोल्हापुरात मांजर पाळणे नवे नाही. घरात कोंडून पाळणे मात्र नवे. शिवाजी पेठेतल्या वाड्यांतली मांजरे कौलांवरून हिंडत, दुधाच्या वेळेला बरोबर हजर होत, आणि त्यांच्या अंगाला काय झाले आहे हे कोणी निरखून बघत नसे. राजारामपुरीतल्या किंवा ताराबाई पार्कातल्या फ्लॅटमधले मांजर दिवसभर माणसांच्या डोळ्यांसमोर असते. त्याने कानामागे चारदा पाय मारला तरी घरात चर्चा होते. ही खाज नेहमीचीच, की कातडीला काही झाले आहे? या पुस्तकाचा सारा विषय एवढाच आहे, आणि तो वाटतो तितका छोटा नाही.

आपल्याकडचे पशुवैद्यक गोठ्यात घडले. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे, पण जिल्ह्यातल्या डॉक्टरांचा दिवस म्हशीची कास, गाभण गाई आणि लाळ्या-खुरकूत यांतच जायचा. १९६३ मध्ये गोकुळ दूध संघ उभा राहिल्यावर तर अधिकच. त्यात गैर काही नाही. मांजराच्या त्वचेकडे जगानेही उशिराच पाहिले. कॉर्नेल विद्यापीठाच्या डॅनी स्कॉट यांनी १९०० ते १९७८ या काळातले या विषयावरचे लेखन एकत्र करून १९८० मध्ये प्रबंध छापला, तेव्हा कुठे या शाखेला स्वतःचा पाया मिळाला. (संस्थानकाळात शिकारीसाठी चित्ते पाळणाऱ्या, त्यांच्यासाठी चित्तेवान ठेवणाऱ्या कोल्हापूरने घरातल्या मांजराकडे इतक्या उशिरा वळावे, याची मला गंमत वाटते.)

नव्या वाचकाने पहिली गोष्ट लक्षात घ्यायची ती ही, की मांजराची खाज पंजापेक्षा जिभेत जास्त असते. कुत्रे खाजवते ते घरभर ऐकू येते. मांजर गप्प बसून चाटते आणि आपण म्हणतो, काय स्वच्छ जनावर आहे! जिभेवरचे काटे म्हणजे नुसती खरखर नव्हे. २०१८ मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी दाखवले की या काट्यांची टोके पोकळ, पळीसारखी असतात. ती लाळ उचलून केसांच्या मुळापर्यंत नेतात. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे एकस्टाइन आणि हार्ट यांनी २००० मध्ये पिसवा असलेल्या काही मांजरांना चाटता येऊ नये म्हणून गळ्यात कॉलर घातली. तीन आठवड्यांनी त्यांच्या अंगावर मोकळ्या मांजरांच्या दुप्पट पिसवा निघाल्या. याचाच अर्थ, मांजर पिसवा गिळून टाकते. त्यामुळे ‘आम्हाला एकही पिसू दिसली नाही’ या वाक्याला पुराव्याची किंमत नाही.

निरोगी मांजर झोपेतून उठल्यावर, जेवणानंतर अंग चाटते. पंजा ओला करून तोंड पुसते, मग बगला, मग पाय, शेपूट. मध्येच मानेवर पायाचे चार फटकारे देते आणि थांबते. डबा वाजला की सगळे सोडून धावते. मागे कातडी शाबूत, केस जागच्या जागी. (सोफा ओरबाडणे ही खाज नव्हे, तिथे ते नखांवरची जुनी साल काढते आणि आपला वास ठेवते.)

दुखण्यातली खाज खुणा सोडते. पोटावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला केस गायब झालेले दिसतात, कातडी मात्र गुळगुळीत. घरचे म्हणतात, चाई पडली. तिथल्या कडेचे केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि टोके तुटलेली दिसली, तर केस गळलेले नाहीत, चाटून तोडलेले आहेत. हा भेद ज्याला कळला त्याने अर्धा विषय ओलांडला. या चाटण्याखेरीज आणखी तीन रूपे आहेत: डोके-मान ओरबाडून काढणे, पाठीवर बोटाला बाजरीच्या दाण्यांसारख्या बारीक खपल्या लागणे, आणि ओठावर वा मांडीवर लालसर चट्टे उठणे. ही चारही रूपे म्हणजे रोगांची नावे नव्हेत. एकाच रूपामागे पिसवा, अन्नाची अ‍ॅलर्जी, हवेतली अ‍ॅलर्जी यांपैकी काहीही असू शकते. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल तर कानातले किडे शोधावेत. कानाच्या कडांवर जाड खवडे असतील तर लूत. नाकाच्या दांड्यावर आणि कानांवर फोड आले तर डासही आठवावेत. पोटाखालीच सतत चाटणारे मांजर कधीकधी मूत्राशयाच्या दुखण्याने चाटत असते. गोल चट्ट्यांवर केस तुटून कोंडा दिसला, विशेषतः लांब केसांच्या पर्शियनमध्ये, तर नायट्याची तपासणी आधी. तो घरातल्या मुलांनाही लागतो.

पिसवांची एक तपासणी घरी करता येते. मांजराला पांढऱ्या कागदावर उभे करून शेपटीच्या बुडाशी बारीक दातांची फणी फिरवावी. काळे कण पडले तर त्यावर पाण्याचा थेंब सोडावा. तांबूस डाग पसरला तर ते कण म्हणजे पिसवांची विष्ठा, त्यांनी प्यालेले रक्त. ‘आमचे मांजर चौथ्या मजल्यावरून खाली उतरतच नाही’ हे मला रोज ऐकू येते. पिसू माणसाच्या कपड्यांतून, शेजारच्या कुत्र्यासोबत, जिन्यात झोपणाऱ्या बोक्याच्या जागेवरून सहज वर येते.

‘एकटे असते, म्हणून चाटत असेल’ हेही घाईचे निदान. मानसिक कारण गृहीत धरलेल्या २१ मांजरांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. १६ मांजरांना शारीरिक दुखणे निघाले, ३ मध्ये दोन्ही कारणे, आणि निव्वळ मानसिक फक्त २ मध्ये.

उपायांची प्रकरणे वाचण्याआधी एक इशारा. कुत्र्यासाठीचे पर्मेथ्रिन असलेले औषध मांजराच्या मानेवर टाकू नये. त्याने झटके येऊन मांजर मरू शकते. फिनाइल, डेटॉल, कापूर घातलेले तेलही नको. मांजराच्या यकृताला अशा पदार्थांचा निचरा करणे जमत नाही, आणि जे अंगावर लावाल ते मांजर चाटणारच.

अन्नाची अ‍ॅलर्जी शोधायला निदान आठ आठवडे एकाच ठरावीक अन्नावर मांजर ठेवावे लागते. मुले आणि आजी घरात असताना हे किती कठीण आहे, याची पाश्चात्त्य ग्रंथकारांना कल्पना नसावी. सातव्या आठवड्यात सुकट पुढे येतेच. त्यांच्या पुस्तकांतली पिसवांची प्रकरणेही थंड देशांची आहेत, जिथे हिवाळ्यात पिसू मंदावते. कोल्हापूरच्या थंडीत तसे काही होत नाही, आणि पावसाळ्याची दमट हवा तर तिच्या अंड्यांना, अळ्यांना मानवते. म्हणून या पुस्तकातले पिसवांवरचे वेळापत्रक बारा महिन्यांचे दिले आहे, आणि त्यात मांजराइतकीच गादी, चटई आणि जिना यांचीही साफसफाई धरली आहे.