जैवपटल व मराठवाड्यातील प्लेग

जीवाणू एखाद्या पृष्ठभागास चिकटून स्वतःच स्रवलेल्या बुळबुळीत द्रव्यात थर करून राहतात, त्या थरास ‘जैवपटल’ म्हणतात. दातांवरील किटण हे त्याचे परिचित उदाहरण होय. अशा थरात प्रतिजैविके फारशी परिणामकारक ठरत नसल्याने अस्थी, कृत्रिम सांधे, मूत्राशयात घातलेल्या नळ्या इत्यादींमधील संक्रामणे दीर्घकाळ रेंगाळतात. प्लेगमध्ये मात्र हे पटल रोग्याच्या शरीरात नव्हे, तर पिसवेच्या अन्नमार्गात तयार होते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे साथ दख्खनभर पसरली. उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहत. पॉल लुई सीमाँ यांनी १८९८ मध्ये कराची येथे पिसवांचा संबंध दाखविला व परळच्या प्रयोगशाळेतील संशोधनाने त्यास पुष्टी मिळाली. पिसू रोग नेमका कसा देते, हे १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेतील बेकट व मार्टिन यांनी उलगडले. पिसवेच्या जठराच्या तोंडाशी असलेल्या काटेरी झडपेत जीवाणूंचा गोळा अडकतो. रक्त जठरात पोहोचत नाही, भुकेली पिसू पुनःपुन्हा चावते आणि दूषित रक्त जखमेत उलट येते. हा गोळा म्हणजे जैवपटलच, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस व त्यानंतरच्या जनुकीय संशोधनाने सिद्ध झाले. ते सु. २६° से. तापमानास बनते, ३७° से.ला बनत नाही. कडक उन्हाळ्यात साथ का ओसरे, याचे हे एक कारण असावे. तथापि अवरोध नसलेल्या पिसवाही काही काळ रोग संक्रामित करू शकतात, असे २००६ मध्ये आढळले.

भारतात १९६६ नंतर मानवी प्लेगची नोंद नव्हती. ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी ग्रंथिक प्लेग उद्भवला. त्यापूर्वी तेथे उंदीर पडले होते व पिसवांचा उपद्रव वाढला होता. लगेच सुरत येथे फुप्फुसी प्लेगने हाहाकार उडविला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील किल्लारी, सास्तूर इत्यादी गावे उद्ध्वस्त झाली होती. लोक पत्र्याच्या निवाऱ्यांत गेले, पडक्या घरांत धान्य राहिले व उंदीर माजले, अशी मीमांसा त्या वेळी पुढे आली. ती आकर्षक असली, तरी मामला किल्लारीपासून शंभर किमी.हून अधिक दूर असल्याने पूर्ण पटत नाही. रानातील कृंतक व त्यांच्या पिसवा यांच्यात जीवाणू मानवी रुग्णांविना दशकानुदशके टिकतो, हे अधिक सयुक्तिक वाटते. जैवपटल या साखळीतील एक दुवा होय.

म्हणूनच प्लेगच्या गावात प्रथम कीटकनाशक फवारून पिसवा मारतात व नंतर उंदीर. क्रम उलटल्यास मेलेल्या उंदरांवरील भुकेल्या पिसवा माणसांकडे वळतात.