पूर्वरूप

अपस्मार हा शब्द पोथीतला. बीड जिल्ह्यातील बोलण्यात तो क्वचितच येतो. तेथे 'फिट येते' म्हणतात, जुनी माणसे 'फेपरे' म्हणतात. मात्र त्याच पोथीतला दुसरा एक शब्द आम्हांस येथे हवा आहे : पूर्वरूप. चरकसंहितेच्या निदानस्थानात अपस्माराची पूर्वरूपे सांगितली आहेत. भुवया उडणे, डोळ्यांत विकृती दिसणे, नसलेला आवाज ऐकू येणे, लाळ गळणे, अन्न नकोसे होणे. ही रोगाची पूर्वचिन्हे, एकेका झटक्याची नव्हेत; आजच्या वैद्यकात ती सारी टिकतील असेही नाही. पण त्यांतली बहुतेक घरच्या माणसाला पाहता येतात, आणि पटली नाहीत तर नाकारताही येतात.

हान्स बर्गरने १९२४ मध्ये येना येथे मानवी मेंदूचा विद्युत्-आलेख प्रथम घेतला, १९२९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि चिन्हे कवटीच्या आत गेली. १९७० च्या दशकापासून झटक्याआधीच्या आलेखात त्याची चाहूल शोधणे सुरू झाले. आशादायक निष्कर्ष पुष्कळ निघाले. २००७ च्या सुमारास त्यांचा साकल्याने आढावा घेतला गेला, तेव्हा दीर्घ आलेखांवर त्यांतले बरेचसे टिकले नव्हते, असे दिसले. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १५ रुग्णांच्या मेंदूवर विद्युदग्रे बसवून केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. रुग्णाजवळच्या उपकरणावर धोका अधिक असता लाल दिवा लागे, कमी असता निळा. काही रुग्णांत हे साधले, काहींत नाही.

आता हे काम स्वतः शिकणारी यंत्रे करतात. यंत्र काय शिकले, हाच येथे प्रश्न आहे. झटक्याआधीचे आलेख बहुतेक रात्रीचे आणि इतर आलेख दिवसाचे असतील, तर यंत्र रोगाऐवजी झोप ओळखायला शिकते, आणि परीक्षेत उत्तम गुण मिळवते. म्हणून कोणत्या विद्युदग्राने, कोणत्या लहरींनी निर्णय झुकवला हे सांगणारी, अर्थ लावता येईल अशी यंत्रे काही संशोधक मागत आहेत. आमच्या मते ही मागणी चरकाच्या यादीइतकीच जुनी आहे.

तिची निकड प्रयोगशाळेपेक्षा उसाच्या फडात अधिक कळते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडहून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता'. कामावर गैरहजर राहिल्यास 'खाडा' पडतो, तो उचलीच्या हिशेबात दंड म्हणून चढतो. औषधाचा फेरा चुकतो तो याच महिन्यांत. उद्या अशा एखाद्याच्या खिशात तो लाल दिवा आला, तर दिवा लागताच त्याने धारदार कोयता खाली ठेवावा हे उघड आहे. न ठेवला आणि झटका आला, तर हातपाय जाईल. ठेवला आणि झटका आलाच नाही, तर खाडा दोघांचा. शिवाय दिवा साऱ्या टोळीला दिसतो. हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची अट १९९९ मध्ये गेली, लग्नाच्या बोलणीतून ती गेलेली नाही.

दिवा का लागला, हे पुढे अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरने विचारले, तर यंत्राजवळ उत्तर हवे. त्याआधी, फडातच, ते मुकादम विचारील.