डांबराच्या साबणाचे वय

‘व्हायकिंगांचा प्राचीन साबण’ या बिरुदाखाली पाइनच्या डांबराच्या काळ्या वड्या हल्ली विकल्या जातात. घरी साबण करू पाहणारे नवशिकेही बहुधा याच कथेच्या मोहाने या कृतीकडे वळतात. कथा आकर्षक आहे, परंतु तिच्यात दोन निरनिराळ्या वयांच्या वस्तू एकत्र सांधल्या आहेत. डांबर खरोखरच प्राचीन आहे. डांबराची वडी मात्र एकोणिसाव्या शतकाचे अपत्य आहे. हा सांधा कुठे आणि का पडला, हे या थ्रेडमध्ये पाहू.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करू. मराठीत ‘डांबर’ म्हटले की रस्ता आठवतो. ते डांबर खनिज तेलातून मिळते. कपाटातल्या डांबरगोळीचा संबंध दगडी कोळशापासून निघणाऱ्या डांबराशी. पाइनचे डांबर या दोहोंहून वेगळे. राळेने भरलेले लाकूड अपुऱ्या हवेत, कोळशाच्या भट्टीसारखे धुमसत ठेवले की त्यातून जो दाट, तपकिरी, धुराच्या वासाचा रस पाझरतो, ते हे डांबर.

स्वीडनमधील उप्पलांड प्रांतात उत्खननांत सापडलेले डांबराचे खड्डे या उद्योगाचा सर्वात बोलका पुरावा आहेत. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतले खड्डे वस्तीजवळ आणि लहान आहेत. सुमारे ६८० ते ९०० या काळातले खड्डे मात्र जंगलात, पाइनच्या सान्निध्यात आहेत आणि त्यांतल्या एकेका भट्टीतून २०० ते ३०० लिटर डांबर निघे, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एवढे डांबर अंगाला लावायला नक्कीच नव्हते. ते नावांच्या फळ्यांना, दोरखंडांना आणि शिडांना हवे होते. व्हायकिंग आणि डांबर यांचे नाते खरे आहे, पण ते बंदरावरचे आहे.

पुढे या व्यवसायाचे केंद्र बोथ्नियाच्या आखाताच्या पूर्वेकडे, आजच्या फिनलंडमध्ये सरकले. तेथील शेतकरी उभ्या झाडाची साल टप्प्याटप्प्याने सोलत, जखमी झाड काही वर्षे राळ साठवी, आणि मग ते तोडून, चिरून, उतारावरच्या मातीच्या भट्टीत रचले जाई. वर गवताळ मातीचा थर. भट्टी कित्येक दिवस-रात्र राखावी लागे. ज्वाळा उफाळली की वर्षांची मेहनत जळून जाई. तळाच्या लाकडी नळीतून डांबर पिंपात उतरे. काइनूच्या अरण्यातून ही पिंपे अरुंद, लांबलचक होड्यांतून नदीच्या खळाळांवरून ओउलू बंदरात येत. एका होडीत सुमारे पंचवीस पिंपे मावत.

आणि तरीही जगाने या मालाला ‘स्टॉकहोम डांबर’ म्हटले. याचे कारण सरळ राजकीय आहे. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होते. बोथ्नियाच्या किनाऱ्यावरील बहुतेक नगरांना परदेशांशी थेट व्यापाराची मुभाच नव्हती. माल राजधानीमार्गे जावा, असा दंडक होता. तो १७६५ मध्ये उठला. त्याआधी १६४८ मध्ये डांबराच्या निर्यातीची मक्तेदारीही एका कंपनीला देण्यात आली होती. भट्टी एकाची आणि नाव दुसऱ्याचे, असा हा व्यवहार. घोड्यांच्या खुरांना लावायच्या डांबराच्या डब्यावर ते नाव आजही छापलेले दिसते.

मक्तेदारीचा परिणाम अटलांटिकपार झाला. १७०३ च्या सुमारास स्वीडिश कंपनीने आपल्याच अटींवर, आपल्याच जहाजांतून डांबर देण्याचा हट्ट धरला, तेव्हा इंग्लंडचे नौदल अडचणीत आले. १७०५ मध्ये अमेरिकी वसाहतींतील डांबराला प्रोत्साहनपर बक्षीस देणारा कायदा लागू झाला आणि कॅरोलिनाची पाइनची रानेच्या राने भट्ट्यांनी भरून गेली. तेथील मालाबद्दल नौदलाची कायम तक्रार असे, की तो ‘तापट’ आहे, दोरखंड जाळतो. तो काढणाऱ्यांत गुलाम केलेले आफ्रिकी लोक मोठ्या संख्येने होते. साबणाच्या वेष्टनावर व्हायकिंगाचे शिरस्त्राण दिसते. हे लोक कुठेच दिसत नाहीत. मला खरी खटकणारी गोष्ट ही आहे.

डांबर औषध म्हणून वापरले जात नव्हते, असा याचा अर्थ नव्हे. सौना, मद्य आणि डांबर यांनी जो रोग हटत नाही तो जीवच घेतो, अशा अर्थाची म्हण फिनलंडमध्ये आहे. आयर्लंडचे बिशप आणि तत्त्वज्ञ जॉर्ज बर्क्ली यांनी तर १७४४ मध्ये ‘सायरिस’ हा ग्रंथ लिहून डांबराच्या पाण्याचा पुरस्कार केला: एक क्वार्ट डांबरावर एक गॅलन थंड पाणी घालायचे, ढवळायचे, दोन दिवस निवू द्यायचे आणि वरचे पाणी प्यायचे. ज्या विचारवंताने जडद्रव्याचे अस्तित्वच नाकारले, त्याने आयुष्याच्या उत्तरार्धात डांबरासारख्या चिकट द्रव्याची एवढी भलामण करावी, हा इतिहासाचा विनोद.

मग वडी एवढी उशिरा का आली? उत्तर राखेत आहे. उत्तर युरोपात साबणासाठी लाकडाची राख वापरत. तिच्यातल्या पोटॅशने मऊ, खळीसारखा साबण होतो. वडी धरत नाही. कठीण साबणाला सोडा लागतो, आणि तो भूमध्य सागराच्या किनाऱ्यावरील क्षारयुक्त वनस्पतींच्या राखेतून येई. १७९१ मध्ये निकोला लब्लां यांनी मिठापासून सोडा तयार करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकात ही कृती कारखान्यांत रुजली आणि कठीण साबण स्वस्त झाला. ब्रिटनने साबणावरचा कर १८५३ मध्ये रद्द केला. त्याच काळात व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फेर्डिनांड फॉन हेब्रा डांबर, गंधक आणि मऊ साबण यांचे मलम वापरत होते.

दुसरीकडे डांबराचे जुने गिऱ्हाईकच संपत चालले होते. १८५४ मध्ये, क्रिमियन युद्धात, ब्रिटिश आरमाराने ओउलू आणि राहे येथील डांबराचे साठे जाळले. त्यातला बराच माल इंग्लिश व्यापाऱ्यांनी आधीच खरेदी केलेला होता, म्हणून मायदेशीच ओरड झाली. पण डांबराचा खरा घात केला तो लोखंडी जहाजांनी. पुढच्या दशकांत अमेरिकेत ‘पॅकर्स’सारखे डांबरी साबण मासिकांतून झळकू लागले. १८७८ पासूनची परंपरा सांगणारी ‘ग्रँडपा’ ही वडी अजूनही मिळते. गोदीतले पिंप न्हाणीघरात आले ते असे.

ज्यांना हा साबण घरी करायचा आहे, त्यांना या इतिहासाचा एक तुकडा पातेल्यातच भेटेल. साध्या तेलाचे कॉस्टिक सोड्याने साबणात रूपांतर व्हायला वेळ लागतो. डांबरातली राळेची आम्ले मात्र सोड्याशी तत्काळ संयोग पावतात, त्यामुळे मिश्रण काही मिनिटांतच घट्ट होते आणि नवशिक्याची धांदल उडते. म्हणून डांबर तेलांच्या वजनाच्या ५ ते १० टक्केच घ्यावे. तेले आणि सोड्याचे पाणी दोन्ही कोमट होऊ द्यावी, पाणी कमी करू नये, विजेच्या घुसळणीऐवजी हाताने ढवळावे आणि साचा आधीच मांडून ठेवावा. सोडा नेहमी पाण्यात घालावा, पाणी सोड्यावर कधीही ओतू नये. चष्मा, हातमोजे, उघडी खिडकी आणि स्टीलचे भांडे हवेच. ॲल्युमिनियम सोड्यात विरघळते. सोड्याचे प्रमाण प्रत्येक तेलागणिक बदलते, ते काट्यावर तोलूनच घ्यावे. डांबर भट्टीचे, शुद्ध पाइनचे आहे, याची खात्री करावी. रस्त्याचे किंवा कोळशाचे चालणार नाही. एक-दोन दिवसांनी वड्या कापाव्यात आणि हवेशीर जागी चार ते सहा आठवडे सुकू द्याव्यात. शेकोटीचा वास त्यानंतरही राहतोच.